हिशेब दुकानदाराकडे आहे, बँकेकडे आहे, आपल्याकडे?

यूपीआय २०१६ साली सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशभरात त्यावरून २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. घरापुरता या आकड्याचा अर्थ असा, की पूर्वी शंभराची नोट मोडताना हात जरा थबकायचा आणि आता मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतली तरी मोबाईल पुढे केला जातो. गल्ल्यावरचा स्पीकर "वीस रुपये प्राप्त झाले" असं ठणकावून सांगतो, पण ते दुकानदाराला. दिवसभरात असे किती वीस गेले, हे आपल्याला कुणी ओरडून सांगत नाही.

मग पाच तारखेला पगार होतो आणि विसाव्या तारखेला क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. "चैन तर काहीच करत नाही, मग पैसे जातात कुठे?" हा प्रश्न पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत घरोघरी विचारला जातो. याचं उत्तर सुटंसुटं बऱ्याच जणांकडे असतं. किराणावाल्याकडे, बँकेकडे, कार्ड कंपनीकडे, घरपोच सामान देणाऱ्या अॅपकडे आपला हिशेब चोख लिहिलेला आहे. ज्यांचे पैसे जातात तेवढ्या एकाच घरात तो नसतो.

या लेखात रोजचा खर्च लिहिणं म्हणजे नेमकं काय करायचं आणि त्याचा कर्ज फिटण्याशी काय संबंध, ते पाहू. काटकसरीचे सल्ले इथे मिळणार नाहीत. चहा सोडा, हॉटेल सोडा हे सांगायला नातेवाईक पुरेसे आहेत.

आठवणीवर का भागत नाही

"लिहायचं काय त्यात, डोक्यात असतं सगळं," असं म्हणणाऱ्यांनी सरकारी पाहणी कशी होते ते बघावं. देशातली कुटुंबं कशावर किती खर्च करतात, याची पाहणी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण गेली अनेक दशकं करत आलंय. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा जो गाजलेला अंदाज मांडला, तोही अशाच पाहण्यांच्या आकड्यांवर उभा होता. आता या पाहणीत प्रश्न कसे विचारतात? भाजी, फळं, अंडी, तेल, बाहेरचं खाणंपिणं, पान-तंबाखू यांबद्दल गेल्या ७ दिवसांचं विचारतात. तांदूळ, गहू, डाळी, भाडं यांबद्दल ३० दिवसांचं. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च, टीव्ही-फ्रिज यांबद्दल ३६५ दिवसांचं.

असे तीन कालावधी करायचं कारण माणसाच्या विसरण्यात आहे. आठ दिवसांपूर्वीची भेळ डोक्यातून जाते, वर्षापूर्वीचा फ्रिज जात नाही. उलट फ्रिजचं गेल्या महिन्यापुरतं विचारलं, तर बहुतेक घरांतून शून्य उत्तर येईल आणि तेही चुकीचंच चित्र देईल. २०२२-२३ पासून तर पाहणी करणारे एकाच घरी तीन वेगवेगळ्या वेळी जातात, कारण एका बैठकीत सगळं सांगताना लोक कंटाळतात आणि निसटतं. समोर प्रशिक्षित माणूस यादी घेऊन बसला असताना जे निसटतं, ते रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्याला बरोबर आठवेल हे अवघड आहे.

याच पाहणीतला २०२३-२४ चा एक आकडा: शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये. त्यात सुमारे ४० टक्के खाण्यापिण्यावर, आणि खाण्यापिण्यात सगळ्यात मोठा वाटा दुधाचा नाही, भाजीचाही नाही. पेयं, नाश्ता आणि तयार पदार्थांचा आहे. म्हणजे नेमका तोच वाटा, जो सात दिवसांपलीकडे आठवत नाही.

पुण्यात पाण्याचं असंच झालं. पाणी पुरत नाही अशी ओरड वर्षानुवर्षं होती. समान पाणीपुरवठा योजनेत नळांना मीटर बसू लागले, तेव्हा कुठे किती पाणी जातंय आणि गळती कुठे आहे ते दिसायला लागलं. मीटरने थेंबभरही पाणी वाढवलं नाही. खर्चाच्या वहीकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी.

कीर्द आणि खतावणी

पेढीवरच्या जुन्या मुनिमांची पद्धत घरालाही पुरते. तिच्यात दोन भाग असतात. जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं, ती कीर्द. नंतर त्यातल्या नोंदी एकेका खात्याखाली मांडायच्या, ती खतावणी. घरी हिशेब सुरू करणारे बहुतेक लोक पहिल्याच दिवशी खतावणीला हात घालतात. वीस रकाने आखतात, रंग देतात, आणि चौथ्या दिवशी "मुलीच्या वाढदिवसाचा केक खाण्यात धरायचा की समारंभात?" या प्रश्नावर अडकून वही बंद करतात.

पहिला महिनाभर फक्त कीर्द लिहावी. तारीख, रक्कम, कशावर, आणि कसे दिले: रोख, यूपीआय, कार्ड की उधार. "१२, चहा, यूपीआय" एवढं पुरे. शक्यतो पैसे दिले की लगेच, नाहीतर रात्री जेवणानंतर एकदा. चुकली नोंद तर "आठवत नाही, अंदाजे ८०" असं लिहून पुढे जावं. रुपया-पैशाचा मेळ बसलाच पाहिजे, हा हट्ट बँकेच्या कॅशियरला शोभतो. घरच्या वहीत शे-दोनशेचा फरक राहिला तरी काही बिघडत नाही.

महिना संपला की खतावणी. खाती सात-आठच ठेवावीत: घरभाडं किंवा घराचा हप्ता, किराणा-दूध-भाजी, शाळा, प्रवास, बिलं, औषधपाणी, कर्जाचे हप्ते, आणि "इतर". या "इतर"कडे नीट पाहायचं. एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहून मोठं झालं, तर ते फोडायचं.

वही की मोबाईल, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जे हाताशी राहील ते वापरावं. एक सावधगिरी मात्र हवी. बँकेचे एसएमएस वाचून आपोआप हिशेब मांडणारी अॅप आहेत. ती सोयीची असतात, पण तुमचे सगळे मेसेज वाचायची परवानगी घेतात आणि त्यांतली काही पुढे तुम्हालाच कर्ज विकायला येतात. साधी शंभर पानी वही हा धंदा करत नाही.

धनकवडीतलं एक घर धरून चालू

हे घर कल्पित आहे, आकडेही समजण्यापुरते घेतलेत. नवरा-बायको, दोन मुलं, भाड्याचा वन बीएचके. दोघांचे मिळून हातात ४९,००० येतात. भाडं १३,०००, किराणा-दूध-भाजी ११,५००, शाळेची फी आणि व्हॅन ५,५००, पेट्रोल आणि बस ३,२००, वीज-गॅस-मोबाईल-इंटरनेट २,९००, मोबाईल आणि फ्रिजचे हप्ते ४,१००, औषधं १,२००, आणि क्रेडिट कार्डाचे ३,०००. बेरीज ४४,४००. कागदावर ४,६०० उरायला हवेत. प्रत्यक्षात अठ्ठावीस तारखेला खात्यात काहीच नसतं.

महिनाभर कीर्द लिहिल्यावर ते ४,६०० सापडतात. बाहेरचं खाणं २,१००. त्यात मोठं हॉटेल एकदाच, बाकी ऑफिसखालचा नाश्ता आणि परतताना घेतलेलं पार्सल. "दहा मिनिटांत घरपोच"वाल्यांकडून मागवलेलं सामान १,१००, त्यात डिलिव्हरी आणि हँडलिंगचे पैसे धरून. बस चुकली म्हणून केलेली रिक्षा ६००. आहेर आणि मंडळाची वर्गणी ५००. आणि ३०० रुपये अशा दोन-तीन ओटीटी वर्गण्यांचे, ज्या ऑटोपेवर लावून ठेवल्या आणि विसरल्या.

यात चूक म्हणावी असं काहीच नाही. ऑफिसातून निघायला उशीर झाला, पोरं भुकेली आहेत, मग पार्सल येणारच. आजवर या खर्चाबद्दल कुणी ठरवलंच नव्हतं, एवढंच. आकडे समोर आल्यावर हे घर ठरवतं: बाहेरचं खाणं १,३०० वर, घरपोच सामान ४०० वर, रिक्षा ३०० वर, ओटीटी एकच, १०० रुपयांची. आहेर-वर्गणीला हात लावायचा नाही. एकूण सुटले २,०००.

दोन हजार म्हणजे दिवसाला साधारण ६७ रुपये. एवढ्याने काय होतं? खूप होतं, पण त्यासाठी कार्डाचं व्याज कसं चालतं ते पाहावं लागेल.

६७ रुपयांचं वजन

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की त्यावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, दुसरी "मिनिमम ड्यू", म्हणजे निदान एवढं भरा म्हणजे थकबाकीदार ठरणार नाही अशी किमान रक्कम. ती बऱ्याचदा बिलाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ती भरली की विलंबशुल्क लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत, आणि माणसाला वाटतं की काम भागलं.

व्याज मात्र चालूच राहतं. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला, त्यामुळे ३० टक्क्यांची ती मर्यादा आता नाही. वर या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पूर्ण बिल भरलं नाही, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज सुरू.

धनकवडीतल्या घराची कार्डावरची थकबाकी ६०,००० आहे असं धरू. साडेतीन टक्के व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८, एकूण २,४७८. हे घर महिन्याला ३,००० भरतं. म्हणजे मुद्दलातून कमी झाले फक्त ५२२ रुपये. कार्ड पुन्हा एकदाही न वापरता दर महिन्याला असेच ३,००० भरत राहिलं, तर कर्ज फिटायला ४४ महिने लागतात आणि एकूण १ लाख २९ हजारांच्या पुढे भरावे लागतात.

आता त्यात दिवसाचे ६७, म्हणजे महिन्याचे २,००० घाला. हप्ता ५,००० झाला. व्याज-कर जाऊन पहिल्याच महिन्यात मुद्दलातून २,५२२ कमी होतात. आधी ५२२ होत होते, त्याच्या जवळजवळ पाचपट. कर्ज १७ महिन्यांत फिटतं, एकूण भरणा ८४,५०० च्या आसपास. वाचले ४५ हजार आणि सव्वादोन वर्षं.

फरक एवढा मोठा पडतो, कारण ३,००० मधले बहुतेक पैसे व्याजातच जिरत होते, वरच्या २,००० मधला मात्र रुपयान् रुपया मुद्दलावर पडतो. शेवटी सुटलेला पैसा सगळ्यात जास्त काम करतो. म्हणून रोजच्या चिल्लर खर्चाचा हिशेब कर्जात असलेल्या माणसाला जेवढा उपयोगी, तेवढा कर्ज नसलेल्याला नाही.

कुठलं कर्ज आधी?

एकाच घरात कार्ड, फ्रिजचा हप्ता, पतसंस्थेचं कर्ज, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने आणि भिशीतून आधी उचललेली रक्कम, असं सगळं एकदम असू शकतं. सगळ्यांची यादी करावी: किती बाकी, व्याज किती टक्के, हप्ता किती, संपणार कधी. अनेकांच्या आयुष्यातली ही पहिलीच अशी यादी असते आणि ती करताना पोटात गोळा येतो. तरीही करावी.

सगळे किमान हप्ते भरून जे वर उरेल ते सगळ्यात महाग कर्जावर टाकायचं. गणिताने हाच मार्ग स्वस्त. काही लोक आधी सगळ्यात छोटं कर्ज संपवतात, म्हणजे एक नाव यादीतून कायमचं खोडलं जातं आणि हुरूप येतो. तेही चालेल, फक्त ४२ टक्क्यांचं कार्ड तोवर थांबत नसतं हे ध्यानात ठेवून. मेहुण्याच्या पैशाला व्याज नसतं, पण दिवाळीत समोर बसावं लागतं. त्याला आधी फेडायचं ठरवलं तर मी वेडेपणा म्हणणार नाही.

आणि बचत? बचत खात्यावर मोठ्या बँका तीन टक्क्यांहूनही कमी व्याज देतात. ४२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून तिथे पैसे साठवणं तोट्याचंच. तरीही पाच-दहा हजारांची शिल्लक वेगळी हवी, नाहीतर मुलाला ताप आला की पुन्हा कार्डच पुढे येतं.

वर्षातून एकदा येणारे खर्च

कार्डावर ते ६०,००० चढले कसे, हे या घराला विचारलं तर उत्तर रोजच्या चहात सापडणार नाही. जूनमध्ये शाळेचा गणवेश, वह्या-पुस्तकं. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीला गावी जाणं. गाडीचा विमा. दिवाळी. यातलं काहीच अचानक येत नाही, कालनिर्णयात तारखेसह छापलेलं असतं. पण महिन्याच्या हिशेबात ते दिसत नाही, म्हणून दर वेळी धक्का बसतो. सरकारी पाहणीतला ३६५ दिवसांचा रकाना यासाठीच असतो.

वर्षभराच्या अशा खर्चांची बेरीज करून बाराने भागावं. १८,००० निघाले तर महिन्याचे १,५००. या घराकडे आत्ता ते नाहीत. पण मोबाईलचा १,९०० चा हप्ता चार महिन्यांत संपतोय. तो संपला की ती रक्कम या कामासाठी वेगळ्या खात्यात वळवायची, नवा मोबाईल घ्यायचा नाही. हप्ता संपल्याचा मेसेज आणि नव्या फोनची जाहिरात साधारण एकाच आठवड्यात येतात, हा योगायोग नसावा.

"पण यूपीआयमध्ये सगळं दिसतंच की"

दिसतं, पण अर्धवट. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे कुणाला गेले ते असतं, कशाचे गेले ते नसतं. किराणा दुकानाच्या जागी मालकाचं नाव येतं. तीन महिन्यांनी ते वाचून हे दुकान होतं की मित्राचे उसने, ते सांगता येत नाही. ७४० च्या एका नोंदीत डाळ किती आणि बिस्किटं-चिप्स किती, तेही नाही. आणि छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट वापरत असाल, तर त्या पिनशिवाय जाणाऱ्या नोंदी पासबुकात एकेक उतरतच नाहीत. फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक नोंद दिसते. नेमके छोटे खर्च तिथेच नाहीसे होतात.

स्टेटमेंट महिनाअखेरीला पडताळणीसाठी उत्तम. मला मात्र हाताने लिहिण्याचा दुसरा एक फायदा महत्त्वाचा वाटतो: लिहावं लागणार हे माहीत असलं की पैसे देताना क्षणभर थांबलं जातं. नोट मोडताना जे थबकणं होतं, त्यातलं थोडंसं परत येतं.

"मुळात मिळकतच कमी आहे, लिहून काय वाढणार?"

हा आक्षेप खरा आहे. भाडं, शाळा आणि दवाखान्यातच पगार संपत असेल, तर चहाचे हिशेब मांडायला सांगणं ही थट्टा आहे. १ जून २०२५ पासून पुण्याच्या पीएमपी बसचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, त्यात प्रवाशाच्या उधळेपणाचा काय संबंध?

पण अशा घराला वही वेगळं काहीतरी सांगते: कापण्याजोगं इथे काही उरलेलं नाही. हे कळणंही कामाचं असतं. मग रिक्षाच्या तीनशे रुपयांवरून एकमेकांना बोल लावणं थांबतं आणि मोठ्या प्रश्नांकडे लक्ष जातं. भाडं कमी असलेल्या भागात जायचं का, ओव्हरटाइम मागायचा का, बँकेकडे हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायची का. त्या शेवटच्या कामासाठी बँकेत जाताना तीन महिन्यांचा लिहिलेला जमाखर्च सोबत असला, तर बोलणं नुसत्या विनवणीवर राहत नाही.

"घरात यावरून भांडणं होतात"

होतात, कारण वहीचा वापर पुराव्यासारखा केला जातो. यावर एक साधी तोड आहे. घरात कमावणाऱ्या आणि न कमावणाऱ्या, प्रत्येक मोठ्या माणसाला ठरावीक रक्कम विनाहिशेब द्यायची. पाचशे असो की हजार, वहीत ती एकाच ओळीत जाते: "बाबा, वरखर्च." त्या पैशाचं पुढे काय झालं हे कुणी विचारायचं नाही. हिशेब ठेवणाऱ्या एकाच व्यक्तीकडे घराचा फौजदार होण्याचं काम येऊ नये, यासाठी हे पैसे मोलाचे आहेत.

कर्ज काढून कर्ज फेडावं का?

कधीकधी हो. पगार नियमित आणि क्रेडिट स्कोअर बरा असेल, तर बँकेचं वैयक्तिक कर्ज साधारण ११ ते १६ टक्क्यांच्या घरात मिळतं. कार्डाचे ६०,००० फेडायला १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज घेतलं, तर हप्ता सुमारे २,८८० आणि एकूण भरणा ६९,००० च्या आसपास, वर प्रक्रिया शुल्क. कार्डावर ३,००० भरत ४४ महिने काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. सोनं असेल तर सोनेतारण कर्ज त्याहूनही स्वस्त पडू शकतं, फक्त ते सोडवायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर हवी.

धोका असा, की कार्ड रिकामं झालं म्हणजे जणू पैसे आले असं वाटतं, पुन्हा स्वाइप सुरू होतो आणि सहा महिन्यांत एकाची दोन कर्जं होतात. म्हणून आधी दोन महिने वही लिहून कार्डाविना महिना निभतो का ते बघावं, मगच कर्ज बदलावं. मिनिटभरात पैसे देणाऱ्या अॅपच्या वाटेला जाण्याआधी तर नक्कीच.

कर्जदाराची प्रत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कागद: कर्जरोखे आणि वह्या. ते मिळवून जाळले. देणं किती, फेडलं किती, याची नोंद फक्त सावकाराकडे होती आणि ती तो म्हणेल तीच खरी. दंगली पसरल्या, आयोग बसला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात एक तरतूद अशी होती की शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा लेखी हिशेब आणि पासबुक मागता यावं.

आज वह्या जाळायची गरज नाही, पण मागायची आहेच. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी सामान्य ग्राहकाला द्यायच्या (रिटेल) मुदत कर्जाआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. यात सगळी शुल्कं धरून वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के पडतात ते लिहिलेलं असतं. "नो कॉस्ट" हप्त्याची खरी किंमतही अशाच कागदात सापडते, कारण सवलत सोडावी लागते आणि प्रक्रिया शुल्क नि जीएसटी वेगळा लागतो. अॅपवरून घेतलेलं कर्ज निदान एक दिवसाच्या मुदतीत दंड न लागता परत करता येतं, मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज भरून. कर्जाच्या अॅपला तुमची फोनबुक आणि फोटो चाळायची परवानगी नाही. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. आणि सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात कधी फेडून झालेलं कर्जही चालू दिसतं.

बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खात्याचे निबंधक असतात आणि राज्याच्या सहकार आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारतात: कुठल्या तारखेला किती भरले?